पाच माणसांचे मापटे

२ मार्च, सोमवार

नगरपालिकेची नोटीस आली. इमारतीची चिटणीस मी, म्हणून ती माझ्या हातात पडली. वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. आमच्या आठ बिऱ्हाडांचा मिळून रोज एकतीस किलो कचरा निघतो. सहा आठवड्यांत तो वीस किलोंच्या आत आला नाही, तर सबंध गल्लीची मोठी कचराकुंडी आमच्या मागच्या अंगणात बसवणार. गाडी आत येईल एवढे रुंद फाटक गल्लीत फक्त आमचे आहे. शेवटच्या आठवड्याची सरासरी धरणार, आणि तीही कचरागाडीच्या काट्यावरची.

अंगणाकडे एकच खिडकी उघडते, तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंची. इमारतीत त्यांना टाचणी म्हणतात, कारण तोंडात कायम दोन टाचण्या असतात, आणि त्या नसल्या तरी बोलणे टोचतेच. मी तोंडावर म्हणत नाही. वहीत म्हणायला हरकत नाही. एकोणीस वर्षे त्या खिडकीच्या उजेडात त्यांचे मशीन चालते. गिऱ्हाइकेही अंगणातूनच येतात.

त्यांना नोटीस दाखवली. टाचण्या काढून त्यांनी उशीत खोचल्या, शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाल्या, "म्हणजे एका हातानं लग्नाचे कपडे शिवायचे आणि दुसऱ्या हातानं माशा वारायच्या."

तशी वेळ येणार नाही, असे मी सांगून बसले. आता सांगितले आहे तर येऊ देता कामा नये.

४ मार्च, बुधवार

अंगणात सभा घेतली. सगळे आले, कारण मी दारोदार जाऊन आणले. कचरा टाकायचा कुठे हा प्रश्नच नाही, तो इतका होतो कसा हा प्रश्न आहे, असे मी म्हटले. इमारतीतल्या विमावाल्यांनी जांभई दिली. मग मी ताणकाटा दाखवला. तीस वर्षे शाळेच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. रोज सकाळी सात ते साडेसात प्रत्येक घराने आपली बादली आणायची, आकड्याला टांगायची, वजन जिन्याखालच्या फळ्यावर लागेल.

दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने हात वर केला. तो माझा विद्यार्थी. चाळिशी उलटली तरी अजून हात वर करतो. नावे फळ्यावर लिहायलाच हवीत का, असे त्याने विचारले. हवीत, म्हटल्यावर बसला. दहावीत असताना याने प्रयोगशाळेतली एक ब्युरेट, मापाची काचनळी, फोडली आणि शेवटपर्यंत कबूल केले नाही. मी काही विसरलेले नाही.

शेवटी मी सांगितले की आमचे घर दोन माणसांचे, आमच्याकडे अन्न वाया जात नाही, आमचे वजन सर्वांत कमी असेल. ज्यांना कित्ता गिरवायचा असेल त्यांनी गिरवावा. तेवढ्यात ह्यांना जोराचा ठसका लागला. टाचणीने पाणी आणून दिले.

७ मार्च, शनिवार

वजनाचा पहिला दिवस. आमचे सहाशे ग्रॅम, सर्वांत कमी. मी नुसते लिहिले, बोलले काहीच नाही. पहिल्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याचे चार किलो. निम्मे तर वस्तूंचे खोके. डॉक्टरचे पाच. तीन माणसांच्या घरात पाच किलो. मी आकडा जरा ठळक काढला.

निवृत्तीनंतर आमच्या घरात स्वयंपाक माझ्याकडे आणि भांडी-कचरा ह्यांच्याकडे अशी वाटणी आहे. कामे वाटून घेतली की कुरबूर राहत नाही. पण एरवी चहा हातात दिल्याशिवाय न उठणारा माणूस आज सहा वाजताच जागा होता. मी फळ्यापाशी उभी राहते, बादली तेच खाली आणतात. तिसऱ्या मजल्यावरून उतरायला त्यांना वाजवीपेक्षा जास्त वेळ लागतो. गुडघे दाखवायला हवेत.

११ मार्च, बुधवार

नियमांचा कागद जिन्यात लावला. पहिलाच नियम: स्वयंपाक माणसे मोजून करावा. त्याखाली पिशवी घरून न्यावी, मोडके आधी दुरुस्तीला न्यावे, लागेल तेवढेच आणावे, वगैरे. नव्या जोडप्यातली सूनबाई वाचत होती. तिने विचारले, दोघांना भात किती लावायचा ते कसे कळते. मी तिला सासूबाईंचे पितळी मापटे आणून दाखवले. रोज एक मापटे, वरची शीग, म्हणजे रास, न काढता. चौतीस वर्षांत एकदाही अंदाज चुकलेला नाही. तिने आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "काकू, हे केवढं आहे." आजकालच्या मुलींना भांड्यांची सवय नाही.

थोडा उरतो, तो मी कंगोऱ्यांच्या वाडग्यात दाबून भरते. वाडगाही सासूबाईंचाच, तळाशी चांदणी उमटवलेला. फ्रीजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी वाडगा घासून फळीवर असतो. ह्यांना शिळा भात आवडतो. भूक अजून चांगली आहे. तरी परवा पट्ट्याला नवे भोक पाडून घेतले. वयाने माणूस आटतो.

१५ मार्च, रविवार

लेकीचा फोन. मुलाचा काल येऊन गेला. तो नेहमीप्रमाणे घाईत. लेक निवांत बोलते. काय केले होतेस जेवायला, किती केले होतेस, असे खोदून विचारत होती. मग म्हणाली, "आई, अजून आजीच्याच मापट्यानं?"

मापटे पितळेचे आहे, त्याला काय होणार, असे मी म्हटले. ती बाबांना दे म्हणाली. ह्यांनी फोन गॅलरीत नेला आणि दार ओढून घेतले. बराच वेळ बोलत होते. बापलेकींना क्रिकेटशिवाय दुसरा विषय नाही.

२० मार्च, शुक्रवार

एकूण पंचवीस किलो. फळ्याचा गुण आहे. नव्या जोडप्याचे चारावरून एकावर आले. विमावाल्यांचेही निम्म्यावर. शिवाय इमारतीला व्यायामाचे वेड लागलेले दिसते: विमावाले भल्या पहाटे पाठीवर पिशवी घेऊन बागेत फिरायला जातात, आणि सूनबाईंचा नवरा कचेरीत जाताना खेळाच्या सामानाची भलीमोठी बॅग नेतो. चांगले आहे. एक शिस्त लागली की दुसरी मागून येते.

अडलेला एकटा डॉक्टर. पाच, सव्वापाच, पुन्हा पाच. त्याला बोलावले. हात मागे बांधून उभा राहिला. त्याचे म्हणणे असे की आईला मधुमेह, म्हणून घरात भात होतच नाही. महिनाभर कोणीच खाल्लेला नाही. तरी बादलीत रोज भात असतो.

मी म्हटले, "भात आकाशातून पडत नाही."

"तेच तर म्हणतोय मी, बाई."

उद्धटपणा नव्हता. पण ब्युरेटच्या वेळीही चेहरा अस्साच होता.

घरी हा किस्सा सांगितला. हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, त्या मुलाला जरा सांभाळून घे. ह्यांचे हे असे. परीक्षेत कॉपी करणाऱ्यालाही हे स्वतःचे पेन देतील.

२८ मार्च, शनिवार

आठवडाभर आकडा साडेबावीसवर अडून बसला आहे. कचरागाडीवरच्या बाईला विचारले, तुझा काटा बरोबर आहे ना. ती हसली. "मावशी, माझा काटा बरोबर आहे. पण बागेतल्या पेट्या हल्ली सकाळी सातलाच भरलेल्या असतात. तिथलाही कचरा मीच उचलते." बागेचा आमच्याशी काय संबंध ते मला कळले नाही. तिला म्हटले, आपण आपल्या इमारतीपुरते बोलू.

दुपारी उसवलेली बाही घेऊन टाचणीकडे गेले. मशीन बंद होते. त्या एका कागदावर खोलीची मापे उतरवत होत्या. पावाच्या दुकानामागे एक खोली पाहिली आहे. स्वस्त आहे. खिडकी नाही.

उजेडाचे काय, विचारले, तर म्हणाल्या, दिवा असतो की. मग बाही शिवायला घेतली. सुईत दोरा ओवताना तीनदा चुकला. चौथ्यांदा मी सुई हातातून घेतली आणि ओवून दिली. टाचणी काही बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

पंधरा दिवस हातात आहेत. अडीच किलो उतरायचे आहेत, आणि ते कुठे आहेत हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या मजल्यावर.

२ एप्रिल, गुरुवार

आज घडले ते जसेच्या तसे लिहिते.

कोणालाही आधी न सांगता आज मी वजनानंतर बादल्या तशाच ठेवून घेतल्या. ह्यांनाही सांगितले नव्हते. आधी सांगून घेतलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे. अंगणात वर्तमानपत्रे अंथरली, हातमोजे चढवले आणि म्हटले, प्रत्येक घराच्या कचऱ्यात काय काय आहे ते आज सर्वांसमक्ष पाहू. द्रव पदार्थाचे पृथक्करण करतो, तसे याचे. माणसे कुरकुरत गोलात उभी राहिली. खिडकीतून टाचणी पाहत होती. हे म्हणाले, "अगं, आज नको." मी म्हटले, आजच.

सुरुवात डॉक्टरपासून. त्याची बादली मी कागदावर उपडी केली.

वर आली भाताची मूद. चांगली टणक, फ्रीजमधून नुकती काढल्यासारखी, जराही न मोडलेली. मी ती हातात घेऊन उंच धरली. मी म्हटले, हे पाहा. ज्या घरात भात होत नाही त्या घरातला हा भात. आणखीही बरेच बोलले. अन्नाबद्दल, खरे बोलण्याबद्दल, आणि मला वाटते ब्युरेटबद्दलसुद्धा. डॉक्टरची आई खाली मान घालून उभी होती. डॉक्टर माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे पाहत होता.

तेवढ्यात टाचणी खिडकीतून म्हणाली, "बाई, मूद जरा फिरवा."

फिरवली. कडेला कंगोरे होते. वर चांदणी होती.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: चांदणीचा एक कोपरा बोथट असतो. वाडगा एकदा मुलाच्या हातून पडला होता, तेव्हापासून. मी पाहिले. बोथट होता.

पळवाट काढता आली असती का? कदाचित. पण तीस वर्षे मुलांना सांगितले की प्रयोग चुकला तर चुकला असे वहीत लिहा. मी म्हटले, "ही मूद माझ्या घरातली आहे. डॉक्टर खरे बोलत होता. मी त्याची आणि त्याच्या आईची माफी मागते."

मग ती काट्याला लावली. आणखी भाजी होती तीही. सव्वा किलो. फळ्यावर आमचे सहाशे पुसले आणि एक किलो आठशे पन्नास लिहिले. ठळक.

उरलेल्या बादल्या मी उघडल्या नाहीत.

३ एप्रिल, शुक्रवार

काल दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. आज सकाळी चहा त्यांनीच केला, म्हणजे पाण्यात पावडर टाकली. समोर बसले आणि सांगू लागले. आई गेली, मुलगा गेला, लेक गेली, तरी मापटे तेच राहिले. पहिल्यांदा वाटले, आठ दिवसांत तुझ्या लक्षात येईल. मग महिने गेले. सुरुवातीला ते खरोखरच खात होते. पोटाने ऐकले नाही. मग गुपचूप टाकू लागले. सभेत मी सर्वांत कमी वजनाची घोषणा केल्यावर तर त्यांना दुसरा रस्ताच उरला नाही. डॉक्टरची बादली दाराबाहेर, जिन्याच्या कडेलाच असते.

"मला सांगता आलं नसतं का?" मी विचारले.

ते म्हणाले, "तू पाच ताटं काढायची बंद केलीस. मापटं तेवढं राहिलं होतं. ते कसं काढून घेऊ?"

मी म्हटले, चहा कडू झाला आहे.

भात लावताना मापटे निम्मे भरले आणि हात थांबला. अर्ध्यापेक्षाही कमी लागले. पातेल्यात तांदूळ तळाशी दिसेनात. हे मागून म्हणाले, लहान पातेले घे. आहे का आपल्याकडे लहान पातेले? नव्हते. डॉक्टरच्या आईने दिले. मागायला मीच गेले. पाठवण्यासारखे काम नव्हते ते.

५ एप्रिल, रविवार

विचित्र गोष्ट. फळ्यापाशी माझ्याकडे कोणी डोळा वर करून पाहणार नाही अशी माझी समजूत होती. उलट कालपासून लोक थांबून बोलतात. विमावाले म्हणाले, बाई, आमचा पाव रोज अर्धा फुकट जातो, पण बायकोला स्वस्तातला मोठाच आवडतो. आणि मी रोज तो बागेतल्या पेटीत टाकून येतो. सूनबाईंच्या नवऱ्याच्या बॅगेत खेळाचे सामान नव्हतेच. खोके होते. कचेरीतल्या टोपलीत जात होते. कोणी नजर चोरून सांगत होते, कोणी हसत हसत. कचरागाडीवाली जे सांगत होती ते मला कळले नव्हते. तिलाही आज तसे सांगितले. ती म्हणाली, "चालायचंच, मावशी. बाग तेवढी हलकी झाली."

काल काट्यावर पंचवीस भरले. सगळे खरे बोलू लागले की वजन वाढते.

टाचणीने तोडगा काढला. म्हणाल्या, फळा राहू द्या, पण त्यावर नावे नकोत, एकच आकडा लिहा, सगळ्यांचा. आणि ज्याच्याकडे जे जास्तीचे आहे ते त्याने टाकायच्या आधी, चांगले असतानाच, माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर आणून ठेवायचे. दहा वाजेपर्यंत. ज्याला हवे तो नेईल. सकाळी माणसे माझ्याकडे येतातच, कचऱ्यापेक्षा पावासाठी आलेली बरी.

अंमळ बाजारी वाटले. पण त्या म्हणाल्या, "बाई, फळ्यासमोर माणूस लपवतो. खिडकीशी थांबतो."

नावे पुसली.

१२ एप्रिल, रविवार

हा आठवडा मोजणीचा. सोमवारी साडेवीस, मंगळवारी साडेएकोणीस, बुधवारी वीस, गुरुवारी एकोणीस, शुक्रवारी पुन्हा वीस, काल साडेअठरा.

कट्ट्यावर रोज काहीतरी असते. विमावाल्यांचा अर्धा पाव नवे जोडपे नेते. आता दोन्ही घरांत मिळून एकच येतो. डॉक्टरने बिघडलेला पंखा ठेवला होता, तो ह्यांनी उचलला आणि दोन दिवस गॅलरीत सुटा करून बसले. चालतो. खोके टाचणीला कापड बेतायला लागतात. मी लिंबे ठेवली. संपायला पाच मिनिटे लागली. मी तिथेच उभी होते म्हणून ठाऊक आहे. आता सकाळी अर्धा तास तरी तिथे जातो. देखरेख ठेवावी लागते. टाचणीने माझ्यासाठी एक स्टूल ठेवले आहे, ते बरे पडते.

आज सकाळी माझा जीव टांगणीला लागला होता. काल नव्या जोडप्याकडे पंधरा पाहुणे जेवायला होते. गाडीवालीने सगळे काट्यावर चढवले आणि आकडा वाचला: एकवीस किलो शंभर ग्रॅम.

बेरीज मी तोंडीच केली. सरासरी एकोणीस किलो आठशे ग्रॅम.

खिडकीकडे पाहून मान हलवली. टाचणीने मशीन सुरू केले. एवढेच.

१३ एप्रिल, सोमवार

नगरपालिकेचा निरीक्षक आला, आकडे पाहिले, फाटकाची रुंदी उगीचच पुन्हा एकदा मोजली आणि कुंडी येणार नाही असे लिहून देऊन गेला. कशाने कमी झाला, असे विचारत होता. फळ्याने, असे मी म्हणणार होते. टाचणीने खिडकीतून सांगितले, "भाताच्या मुदीनं." त्याने तसेच लिहून घेतले. लोक काहीही लिहून घेतात.

पावाच्या दुकानामागची खोली टाचणीने नको म्हणून कळवले. मी तिला एकदम वीस सुया ओवून दिल्या आणि उशीत टोचून ठेवल्या. अजून चष्मा करत नाही.

संध्याकाळी डॉक्टर आला. आईने लहान पातेले परत मागितलेले नाही, ठेवून घ्या, म्हणाला. दारातून वळला, पुन्हा आत आला आणि हात मागे बांधले.

"बाई, आता सांगूनच टाकतो. ब्युरेटही मी फोडली नव्हती."

"मग कोणी?"

"तुम्हीच ठेवलेल्या उतरंडीवरून ती घसरली. मी फक्त तिथं उभा होतो."

हे आतल्या खोलीत होते. त्यांना पुन्हा ठसका लागला.

१९ एप्रिल, रविवार

मधले पाच दिवस काही लिहिण्यासारखे नव्हते. काल रात्रीपासून लेक आली आहे, आज दुपारी मुलगा आणि सूनही. मुलगा चक्क दोन दिवस राहणार आहे. ह्यांनीच फोन करून बोलावलेले दिसते. मला विचारले नव्हते.

मापटे डब्याच्या तळाशी गेले होते, ते काढले. पाच माणसे. पूर्ण भरले, शीग न काढता. मोठे पातेले. लेक पाहत होती.

जेवणे दीड तास चालली. मुलाने अंगणातल्या मुदीची गोष्ट तीनदा सांगायला लावली आणि तिन्ही वेळा ह्यांनी ती स्वतःला सोयीची करून सांगितली. ह्यांनी भात दोनदा मागून घेतला. पट्टा एका भोकाने सैल केला, सगळ्यांच्या देखत.

नंतर ह्यांनी भांडी घासली. मी पुसून फळीवर लावली. कंगोऱ्यांचा वाडगा घासायला नव्हता. तो सकाळपासून फळीवर कोरडाच होता. मी दोनदा पाहिले.